पान जुळवणारे गणित

घरच्या संगणकावर तीन पानांत नेमका बसवलेला अर्ज झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर उघडला, की त्याच्या शेवटच्या दोन ओळी आणि सहीची जागा चौथ्या पानावर जाऊन पडते. मजकुरात एका काना-मात्रेचाही फरक झालेला नसतो आणि कागदही तोच ए-४ असतो. दुकानदार एखादे बटण दाबतो आणि सगळे पुन्हा तीन पानांत येते. पण त्या बटणाने अक्षरे बारीक केली, ओळींमधले अंतर दाबले, समास कापले की अख्खे पानच आक्रसून टाकले, हे कागद हातात आल्याशिवाय कळत नाही. छपाईच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप करत असलेल्या या जुळवणीच्या मुळाशी मापांचा प्रश्न असतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच अवघड आहे.

फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा संच, अशी आपली समजूत असते. पान मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र त्या चित्रांशी फारसे देणेघेणे नसते; त्याला हवा असतो फॉन्टच्या फाइलमधला मापांचा तक्ता. प्रत्येक आकृती आडवी किती जागा घेते, कोणत्या दोन आकृती शेजारी आल्या की त्यांना किंचित जवळ ओढायचे, ओळीच्या वर आणि खाली किती जागा राखायची, हे सारे त्या तक्त्यात आकड्यांनी लिहिलेले असते. फॉन्टचा जो आकार निवडला असेल त्याचे सामान्यतः १००० किंवा २०४८ सारखे भाग कल्पून ही मापे दिली जातात, आणि आकार मोजण्याचा पॉइंट आजच्या संगणकांवर इंचाचा ७२वा भाग असतो. सॉफ्टवेअर शब्दागणिक ही मापे मिळवत जाते, बेरीज ओळीच्या रुंदीपलीकडे गेली की ओळ मोडते, आणि अशा ओळींची उंची मिळवत पान भरते. त्यामुळे एका अक्षराच्या मापातली क्षुल्लक चूकही पानभर साचत जाते.

ती किती साचते हे एका हिशेबावरून दिसते. पडद्यावर इंचाला ९६ ठिपके आहेत असे धरू. बारा पॉइंटच्या फॉन्टमधले एखादे अक्षर हिशेबाने ७.४ ठिपके रुंद येत असेल आणि सॉफ्टवेअर पूर्ण ठिपक्यांतच मोजत असेल, तर ते त्याला ७ ठिपके देते. अशी ८० अक्षरे ओळीत असली तर ३२ ठिपक्यांची, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्शाची तफावत पडते, आणि तेवढ्यात एखादा शब्द सहज मावतो. इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या लेझर प्रिंटरवर त्याच अक्षराची रुंदी ४६.२५ ठिपके येते. ती ४६ धरली तरी ८० अक्षरांमागची चूक इंचाच्या तिसाव्या हिश्शावर उतरते. पडद्यावर एका ठिकाणी मोडलेली ओळ कागदावर दुसरीकडे मोडण्याचे कारण हेच. यावर तोडगा म्हणून पूर्वीचे वर्ड प्रोसेसर जोडलेल्या प्रिंटरचीच मापे धरून पान मांडत, आणि म्हणूनच नुसता प्रिंटर बदलला तरी पानांची संख्या बदलायची. आता बहुतेक सॉफ्टवेअर ठिपक्यांचा विचार बाजूला ठेवून अपूर्णांकांतल्या मूळ मापांवर मांडणी करते आणि ठिपक्यांत उतरवण्याचे काम अगदी शेवटी उरकते.

मूळ फॉन्टच संगणकावर नसेल, तर मापे किती काटेकोर घेतली याला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर त्याच्या जागी दुसरा फॉन्ट आणते. अक्षरांचे वळण थोडे बदलले तर वाचकाचे अडत नाही, पण रुंद्या बदलल्या की सगळी पाने हलतात. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कूरियर न्यू या फॉन्टांसाठी रेड हॅट कंपनीने २००७ मध्ये ‘लिबरेशन’ नावाचे मुक्त फॉन्ट आणले. त्यांतल्या अक्षरांची चित्रे वेगळी आहेत, रुंद्या मात्र मूळ फॉन्टांशी मुद्दाम तंतोतंत जुळवलेल्या आहेत. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आणि कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया हे फॉन्टही याच धर्तीचे. हा फेरबदल बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, आणि हीच त्याची खरी पावती.

देवनागरीत मात्र हे प्रकरण इतक्यावर मिटत नाही, कारण आपल्या लिपीत अक्षरे एकत्र आल्याशिवाय त्यांची रुंदीच ठरत नाही. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या संकेतात, पंधरा चिन्हांनी साठवला जातो आणि डोळ्यांना त्यात चार अक्षरे दिसतात: वि, द्या, र्थ्यां, नी. पहिली वेलांटी साठवताना ‘व’च्या नंतर असते, छापताना ती आधी येते, ‘र्थ्यां’मधला ‘र’ साठवताना सर्वांत आधी असतो आणि कागदावर रफार होऊन शेवटच्या कान्यावर चढतो, तिथे अनुस्वाराच्या शेजारी दाटीवाटीने बसतो आणि रुंदीत काहीच भर घालत नाही. हे सारे रचून झाल्यावरच शब्द किती जागा घेईल ते समजते. आकृती जोडण्याचे नियम ओपनटाइप पद्धतीच्या फॉन्टमध्येच भरलेले असतात आणि हार्फबझसारखे आकृती जुळवणारे सॉफ्टवेअर ते वाचून अमलात आणते. एखाद्या फॉन्टमध्ये ‘द्य’ची जोडलेली आकृती नसेल तर तिथे पाय मोडका ‘द्’ आणि सुटा ‘य’ येतो, आणि शब्द तेवढा रुंद होतो. म्हणजे फॉन्ट बदलला की देवनागरी मजकुरात सगळ्या अक्षरांच्या रुंद्या एकाच प्रमाणात बदलत नाहीत. ज्या परिच्छेदात जोडाक्षरे जास्त तो अधिक लांबतो आणि साधा परिच्छेद कदाचित आखडतोही.

उंचीचीही अशीच गंमत आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, उभी रचलेली जोडाक्षरे यांना जागा लागते, आणि ती किती राखायची हे प्रत्येक फॉन्टकाराने आपापल्या मताने ठरवलेले असते. र. कृ. जोशी यांनी घडवलेला आणि विंडोज २०००पासून परिचित झालेला ‘मंगल’ या बाबतीत फार सढळ आहे. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट आला की पानावर दोन-चार ओळी सहज जास्त मावतात. रुपयाचे चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आले. त्याआधीच्या फॉन्टांत ते नसल्याने सॉफ्टवेअर तेवढे एक चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून उचलते, आणि त्या फॉन्टची उंची जास्त असेल तर ज्या ओळींत रक्कम लिहिली आहे तेवढ्याच ओळी एकमेकींपासून किंचित दूर सरकतात. अंदाजपत्रकाच्या छापील प्रतीत ओळींमधले अंतर कमी-जास्त दिसले, तर टंकलेखकाला बोल लावण्याआधी हे तपासावे. युनिकोडपूर्वीच्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टांत लिहिलेल्या मजकुराची गोष्ट तर वेगळीच, कारण तिथे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी तुकडे बसवलेले असत. फॉन्ट बदलला की मांडणी बिघडण्याचा प्रश्नच येत नाही, मजकूरच वाचण्यासारखा राहत नाही.

मापे अचूक मिळाली तरी ओळ कुठे मोडायची हा निर्णय उरतोच. सोपी रीत अशी, की ओळीत मावतील तेवढे शब्द भरायचे, मावणार नाही तो पुढच्या ओळीत ढकलायचा आणि दोन्ही कडा सरळ हव्या असतील तर उरलेली जागा शब्दांमध्ये वाटून टाकायची. बरेचसे वर्ड प्रोसेसर आणि ब्राउझर हेच करत आले आहेत. यात त्या त्या ओळीपुरता विचार होतो. तिसऱ्या ओळीत लांबलचक शब्द येणार आहे आणि त्यामुळे तिथे मोठी पोकळी पडणार आहे, हे पहिली ओळ मोडताना कोणी पाहत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्याने ‘महानगरपालिकेसमोरच्या’सारखे शब्द पदोपदी येतात, आणि वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात दोनच शब्दांच्या मध्ये बोटभर फट राहिलेली ओळ आपण सगळ्यांनी पाहिलेली असते.

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून छपाईचा दर्जा इतका घसरलेला वाटला, की त्यांनी लेखन थांबवून ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिच्यासाठी त्यांनी मायकेल प्लास यांच्यासह बसवलेली आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत सगळा परिच्छेद एकदम विचारात घेते. प्रत्येक ओळीला तिच्या ओढाताणीवरून दंड ठरतो, आणि हा दंड ओढाताणीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: शब्दांमधली जागा ठरलेल्या मर्यादेइतकी पूर्ण ताणली तर १००, निम्मीच ताणली तर सुमारे १२, आणि दुप्पट ताणली तर ८००. घनाची योजना मोठ्या खुबीची आहे, कारण तिच्यामुळे एका ओळीला फार ताणण्यापेक्षा चार ओळींना थोडे थोडे ताणणे नेहमी स्वस्त पडते. साठ मोकळ्या जागा असलेल्या परिच्छेदात प्रत्येक जागी मोडायचे किंवा नाही एवढेच धरले तरी शक्यता दहा परार्धांच्या वर जातात. पण एखाद्या जागेपर्यंतची सर्वांत कमी दंडाची मांडणी लक्षात ठेवून तिच्याच आधारे पुढे सरकत गेले, तर त्या एकेक तपासण्याची गरज राहत नाही आणि उत्तर क्षणार्धात मिळते. शब्द कुठे तोडता येईल याचे नियम फ्रँक लिआंग यांनी १९८३ मध्ये आकृतिबंधांच्या रूपाने मांडले. मराठीसाठीही असे आकृतिबंध आता उपलब्ध आहेत आणि ते ‘विद्यार्थ्यांनी’सारखा शब्द अक्षराच्या सीमेवरच तोडू देतात. आमच्या मते मराठी मजकुराच्या दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट असेल तर शब्द तोडण्याची ही सोय चालू करावी, नाहीतर उजवी कड खुशाल मोकळी सोडावी.

आता त्या दुकानदाराच्या बटणाकडे पाहू. मजकूर पुन्हा मांडून बसवायचा असेल, तर फॉन्टचा आकार कमी केल्यावर ओळीत अक्षरे जास्त मावतात आणि पानावर ओळीही जास्त मावतात, म्हणून मजकुराने व्यापलेली जागा आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मजकूर जागेपेक्षा दहा टक्के जास्त असेल तर आकार दहा टक्क्यांनी उतरवायची गरज नसते. बारा पॉइंटचे साधारण ११.४ केले तरी काम भागते. हे सूत्र अंदाजापुरते, कारण ओळी कुठे मोडतील ते प्रत्येक आकाराला नव्याने ठरते. म्हणून सॉफ्टवेअर एक आकार घेऊन मांडून पाहते, मावले नाही तर त्याहून लहान, मावले तर किंचित मोठा, असे अंतर निम्मे निम्मे करत पाच-सहा फेऱ्यांत योग्य आकारावर येते.

पीडीएफच्या बाबतीत ही मुभा नसते. अडोबीने १९९३ मध्ये आणलेल्या या स्वरूपात कोणती आकृती पानावर कोणत्या बिंदूवर ठेवायची हे आधीच पक्के झालेले असते आणि लागणारे फॉन्टही सहसा फाइलमध्येच सोबत असतात, म्हणून ती फाइल कुठेही सारखी छापली जाते. पण कागद बदलला तर अख्खे पान लहान-मोठे करण्यापलीकडे प्रिंटरला काही करता येत नाही. आपल्याकडे न्यायालयीन आणि महसुली कागदांत दीर्घकाळ वापरात असलेला लीगल कागद ३५५.६ मिलिमीटर उंच, तर ए-४ कागद २९७ मिलिमीटर. लीगलचे पान ए-४वर बसवायचे तर ते ८३.५ टक्क्यांवर आणावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०पासून ए-४ कागद आणि १४ पॉइंटचा टाइम्स न्यू रोमन असे ठरवून दिले. कोणी लीगलवर १४ पॉइंटमध्ये तयार केलेली पीडीएफ ‘पानात बसवा’ म्हणून ए-४वर छापली, तर अक्षर प्रत्यक्षात ११.७ पॉइंटचे उमटते. कागद नियमाप्रमाणे आणि अक्षर नियमाबाहेर. स्प्रेडशीट तर याहून बेफिकीर असते: एक्सेलला तक्ता एकाच पानात बसवायला सांगितले, तर ते मूळ आकाराच्या दहा टक्क्यांपर्यंतही उतरते आणि भिंगाशिवाय वाचता न येणारा कागद आज्ञाधारकपणे बाहेर देते.

आक्रसलेले अक्षर वाचायला जड जाते ते फक्त लहान असते म्हणून नव्हे. खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचे खिळे वेगळे कोरले जात, आणि लहान आकारात रेषा थोड्या जाड, अक्षरे थोडी रुंद आणि आतल्या पोकळ्या मोठ्या ठेवल्या जात, म्हणजे शाई पसरली तरी अक्षर बुजत नसे. संगणकावर एकच रेखाकृती सगळ्या आकारांना ताणली जाऊ लागली आणि हे तारतम्य हरवले. सहा पॉइंटच्या ‘क्ष’ किंवा ‘ष्ठ’मधल्या पोकळ्या टोनरने भरून जातात त्या यामुळे. अडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०१६ मध्ये एकत्रितपणे जाहीर केलेल्या परिवर्तनीय फॉन्टांनी यावर उपाय पुढे आणला. त्यांत एकाच फाइलमध्ये जाडी, रुंदी आणि वाचनाचा आकार यांनुसार अक्षराची घडण सलग बदलता येते. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘अनेक’ हा देवनागरी फॉन्ट असाच आहे. त्याची रुंदी नेहमीच्या ७५ टक्क्यांपासून १२५ टक्क्यांपर्यंत हवी तिथे थांबवता येते, आणि अक्षर अरुंद झाले तरी त्याची उंची व रेषांचा तोल टिकतो. आकार न घटवता मजकूर तीन पानांत बसवण्याची ही चांगली वाट आहे, पण नेहमीच्या वर्ड प्रोसेसरांत छपाईच्या वेळी ही रुंदी आपोआप कमी-जास्त होत नाही. तूर्तास ती ज्याची त्याने हातानेच निवडावी लागते.