क्लस्टर ‘भरला’ हे ठरवायचे कोणी? विस्तार-निधीच्या मागणीची पार्श्वभूमी

सामायिक क्लस्टरच्या (अनेक संगणक जोडून सगळ्यांसाठी उभारलेल्या गणनयंत्राच्या) विस्ताराचा प्रस्ताव गेला की निधी देणाऱ्या समितीचा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: आहे ते यंत्र खरोखर भरले आहे का? पूर्वी हे कोणी फारसे विचारत नसे. पुण्यात 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा राहिला तेव्हापासून 2007 मध्ये पुण्याच्याच ‘एका’ने वेगवान महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा क्रमांक पटकावला तोपर्यंत बोलणे चाले ते टेराफ्लॉपचे, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी होतात याचे.

हवा बदलली ती 2015 नंतर. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेला 7 वर्षांसाठी 4,500 कोटी रुपये मंजूर झाले. 2019 मध्ये वाराणसीत परम शिवाय (837 टेराफ्लॉप) सुरू झाला आणि पुढे पुण्यात परम ब्रह्म आला. मग विभागाच्या छोट्या क्लस्टरसाठी पैसे मागणाऱ्याला उत्तर मिळू लागले की, त्या महासंगणकांवर वेळ घ्या. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. हजारो कोरचा (प्रोसेसरमधल्या गणन-एककांचा) एकच मोठा जॉब, म्हणजे यंत्राला दिलेले काम, तिकडे जरूर न्यावा. पण 50 टेराबाइट डेटा 1 गिगाबिटच्या जोडणीवरून न्यायला, पूर्ण वेग मिळाला तरी, साडेचार दिवस लागतात. शिवाय एकाच जागेपुरते परवाने असलेली सॉफ्टवेअर तिकडे चालत नाहीत. तेव्हा स्थानिक यंत्राची गरज आकड्यांनी सिद्ध करणे आले, आणि कोणता आकडा दाखवायचा यावरून संस्थांमध्येच तट पडले.

एक पक्ष शेड्यूलरने (जॉब रांगेत लावून त्यांना कोर देणाऱ्या प्रणालीने) वाटून दिलेले कोर मोजतो. स्लर्म या शेड्यूलरच्या वार्षिक अहवालात ‘92 टक्के’ दिसले की काम झाले, असा त्यांचा हिशेब. समितीतला जाणकार मात्र इथेच पकडतो. 48 कोरचा अख्खा नोड (क्लस्टरमधला एक संगणक) अडवून त्यावर एकच धागा चालवणारी पायथन स्क्रिप्ट चालली, तर वाटप 100 टक्के आणि प्रत्यक्ष काम जेमतेम 2 टक्के. हायपरथ्रेडिंग (एक कोर दोन म्हणून दाखवणारी सोय) चालू असेल तर तोच नोड 96 कोरचा दिसतो आणि सगळे खरे कोर राबत असतानाही अहवालात निम्मा रिकामा ठरतो. मेमरीचा घोळ याहून वाईट. 192 जीबीच्या नोडवर 4 कोर आणि 180 जीबी मागणारा जॉब बसला की उरलेले 44 कोर कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. अशा वेळी रांग लांबलचक असते आणि अहवाल सांगतो की यंत्र मोकळे आहे.

दुसरा पक्ष प्रतीक्षा मोजतो, आणि आमच्या मते तोच मार्ग टिकतो. मात्र जॉब टाकल्यापासून नव्हे, तो पात्र झाल्यापासून सुरू होईपर्यंतचा वेळ धरावा. नाहीतर आधीचा जॉब संपायची वाट पाहणारे जॉबही प्रतीक्षेत मोजले जातात आणि आकडा फुगतो. वापरकर्त्यावरच्या मर्यादेमुळे अडलेले जॉब वेगळे काढावेत. सरासरी देऊ नये, कारण मिनिटभरात सुटणारे हजारो किरकोळ जॉब तिला खाली ओढतात. प्रत्येक पार्टिशनचा (नोडांच्या गटाचा) मध्यक आणि 90 वा शतमक, म्हणजे 90 टक्के जॉब ज्याच्या आत सुरू होतात तो वेळ, द्यावा. रांग पाहून जॉब टाकणेच सोडून दिलेल्यांची गरज या आकड्यातही येत नाही. तिच्यासाठी वापरकर्त्यांची पाहणी जोडावी लागते.

समितीला 90 टक्के वापर म्हणजे अजून 10 टक्के शिल्लक वाटतात. एका खिडकीच्या साध्या रांगेचे गणित मांडले तर एका कामाच्या वेळेच्या तुलनेत प्रतीक्षा 80 टक्के भाराला 4 पट, 90 ला 9 पट आणि 95 ला 19 पट होते. अनेक नोडांच्या क्लस्टरवर हे इतके तीव्र नसते, पण वळण तसेच चढते.

घरची शिस्तही प्रस्तावाआधीच लावलेली बरी. सहा तासांच्या कामाला सात दिवस मागायची सवय असेल, तर मधल्या फटींत लहान जॉब बसवणे शेड्यूलरला जमत नाही. वेळेची मर्यादा कमी करून निदान एका सत्राचे आकडे जोडले, तर ‘आधी धोरण सुधारा’ हा शेरा येत नाही. लाखो बारीक फायलींमुळे लस्टर या सामायिक फाइल-प्रणालीचा मेटाडेटा सर्व्हर (फायलींच्या नोंदी ठेवणारा) गुदमरत असेल, तर नवे नोड घेऊन दुखणे वाढतेच. तिथे आधी स्टोरेज मागावे. आकर्षक जीपीयूच्या (समांतर आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरच्या) नादात हे नेहमी मागे पडते.

रकमेच्या बाबतीत 2022 चा जुलै महत्त्वाचा. सार्वजनिक निधीवरच्या संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी 5 टक्के जीएसटीची सवलत 18 तारखेपासून संपली आणि 18 टक्के दर लागू झाला. म्हणजे कर धरून मंजूर झालेल्या त्याच रकमेत सुमारे 11 टक्के कमी यंत्र येते. जुन्या प्रस्तावाचे अंदाजपत्रक तसेच उचलणारे इथे फसतात.

विजेचा खर्च भांडवली मंजुरीत बसत नाही. आठ जीपीयूंचा एक सर्व्हर पूर्ण भारावर सुमारे 10 किलोवॅट खातो, म्हणजे वर्षाला 87,600 युनिट, आणि थंडाव्याचे त्यावर वेगळे. जुन्या खोल्यांत कित्येकदा अख्ख्या रॅकलाच एवढी वीज दिलेली असते. म्हणून प्रस्तावासोबत विद्युत विभागाचे क्षमतापत्र आणि वीजबिल कोणत्या शीर्षाखाली भरणार याचे संस्थेचे लेखी आश्वासन लागते. देखभाल कराराचा खर्च आवर्ती धरला जातो, त्यामुळे पाच वर्षांची वॉरंटी निविदेतच किमतीसकट मागून घेण्याची प्रथा पडली आहे.