बुश, निलंबनातील

मोटारीचे चाक धरणाऱ्या भुजा, पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) व दांडे जेथे सांगाड्याला जोडलेले असतात, तेथे दोन धातूंच्या मध्ये बसवलेली रबरी नळी. बाहेर लोखंडी कवच, आत पोलादी नळी व मध्ये रबर अशी तिची बहुधा घडण असते. ‘सस्पेन्शन’साठी, म्हणजे चाके व सांगाडा जोडून धक्के झेलणाऱ्या रचनेसाठी, परिभाषा कोशांनी ‘निलंबन’ हा शब्द दिला आहे. पण खेड्यात निलंबन म्हटले की तलाठ्याचेच आठवते. म्हणून पुढे गॅरेजातलेच शब्द वापरले आहेत. नोंदीचा रोख ग्रामीण विदर्भातील जुन्या गाड्या आणि त्यांचे बुश बदलण्याच्या रीतीकडे आहे.

‘बुश’ मराठीत इंग्रजीतून आला याबद्दल दुमत नाही. इंग्रजीत तो कोठून आला, याबद्दल मात्र लिहिण्यासारखे आहे. झुडूप या अर्थाच्या शब्दाशी त्याचा उच्चार जुळतो, तेवढ्यावरून दोन्ही एकच मानण्याची लोकव्युत्पत्ती टिकणारी नाही. बहुतेक कोशकार तो मध्यकालीन डचमधील पेटी किंवा डबी या अर्थाच्या ‘बुसे’ या शब्दाकडे नेतात. त्याच्याही मागे लॅटिन ‘बुक्सिस’ व ग्रीक ‘पुक्सिस’ म्हणजे बॉक्स नावाच्या झाडाच्या लाकडाची डबी आहे. म्हणजे फिरून झाडाशी संबंध आलाच, पण झुडपाशी नव्हे. यंत्रातील नळी या अर्थाने इंग्रजीत तो साधारणपणे १६ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिसतो. ‘बुशिंग’ हे रूप बरेच अलीकडचे, १९ व्या शतकातले. डबीचा अर्थ नळीवर कसा गेला, हे बैलगाडीचे चाक पाहिले की कळते. तुंब्याचे (चाकाच्या मधल्या गाभ्याचे) लाकूड आखावर (चाकाच्या दांड्यावर) घासून झिजू नये म्हणून भोकात लोखंडी नळी ठोकतात आणि तीत वंगण भरतात. ही नळी म्हणजेच मूळचा बुश.

रबरी बुशाचे जनकत्व वादग्रस्त आहे. चार्ल्स गुडइयर (१८३९) आणि थॉमस हॅनकॉक यांनी गंधकाने रबर पक्के करण्याची कृती दिल्यानंतरही मोटारी बराच काळ पितळी बुश व वंगणाच्या कुप्यांवरच चालत. अमेरिकेतील मॅक या ट्रक कारखान्याने १९२० च्या दशकाच्या आरंभी पाट्यांची टोके रबरी ठोकळ्यांत बसवली; काही लेखक तेथूनच सुरुवात धरतात. दुसरा पक्ष त्याच दशकातील लेआँ थिरी यांच्या रचनेला मान देतो. तिच्यात रबर दोन नळ्यांच्या मध्ये भयंकर दाबाने कोंबलेले असे, डिंक नसे. धातूवरची पकड केवळ दाबाची. ‘सायलेंटब्लॉक’ हे व्यापारी नाव याच घडणीचे, आणि सुट्या भागांच्या दुकानांत आजही ‘सायलेंट ब्लॉक’ म्हणून बुश मागितला जातो. ठोकळा आणि नळी यांत फरक करायचा, तर दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. रबर धातूला रसायनाने चिकटवण्याची रीत यापुढची; तिच्या प्रसारात अमेरिकेतील लॉर्ड कंपनीचा (स्थापना १९२४) वाटा मोठा आहे.

दिसायला बुश बेअरिंगसारखा असला तरी काम वेगळे. बेअरिंगमध्ये एक भाग दुसऱ्यावर सरकतो. चिकटवलेल्या बुशात काहीही सरकत नाही. आतली नळी बोल्टने आवळून सांगाड्याशी घट्ट, बाहेरचे कवच भुजेत घट्ट. चाक खालीवर झाले की मधले रबर पिळले जाते आणि सुटताच परत येते. म्हणजे बुश ही पिळाची स्प्रिंगच. या एका गोष्टीचा विसर पडल्याने नवे बुशही सहा महिन्यांत फाटतात. त्याचा खुलासा पुढे आहे. रबराची कठीणता सामान्यतः ५० ते ७० शोअर ए (रबराची कठीणता मोजण्याचे माप). मऊ बुशाने आवाज कमी पोचतो, पण चाक डगमगते. कडक बुशाचे उलट.

विदर्भाच्या पश्चिम व मध्य भागातील काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. तिच्यावरचा डांबरी रस्ता कडेने खचतो. पांदण रस्त्यांची, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांची, तर गोष्टच नको. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापमान दर १० अंशांनी वाढले की रबराचे म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येते, असा ढोबळ नियम आहे. हवेतील ओझोनने ताणलेल्या रबराला आडव्या भेगा पडतात. पण माती आणि उन्हाला लावलेला सगळा दोष खरा नाही. पावसाळ्याआधी गाडी धुऊन खालून डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची जुनी रीत आहे. त्याने लोखंड गंजत नाही, हे खरे. नैसर्गिक रबर मात्र खनिज तेलाने फुगते, लिबलिबीत होते आणि बोटाने खरवडले तर काळा चिखल निघतो. उन्हाळ्यात पाटे कुईकुई करतात म्हणून काही जण रॉकेल टाकतात; आवाज आठवडाभर थांबतो, बुश कायमचा जातो.

गाडीनुसार बुशाच्या जागा बदलतात. काळीपिवळी (प्रवासी टॅक्सी) म्हणून धावलेल्या महिंद्रा कमांडरला पुढेमागे दोन्हीकडे पाटे, म्हणून पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या वेटोळ्यातले) आणि शॅकलचे (पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बुश. मारुती ऑम्नीला मागे पाटे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब). मारुती ८०० मध्ये पुढचा स्टॅबिलायझर बारच (गाडीचे कलणे रोखणारा आडवा दांडा) लोअर आर्मला (खालच्या भुजेला) पुढेमागे धरून ठेवतो. त्याचे बुश गेले की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते आणि मालक ब्रेकवर खर्च करत बसतो. बोलेरो व टाटा सुमोचे मागचे पाटेच अधिक बोलतात.

झीज ओळखण्यासाठी मेस्त्री पहार (वऱ्हाडात सब्बल) भुजा आणि सांगाडा यांच्यामध्ये घालून हलकेच उचकतो. धड बुश थोडा दबतो आणि परततो. गेलेल्यात ‘टक’ असा लोखंडावर लोखंडाचा आवाज होतो. आतली नळी मध्यभागातून सरकलेली, कडेला काळी भुकटी, रबर एका बाजूने सुटून चंद्रकोरीसारखी फट, ही डोळ्यांना दिसणारी लक्षणे. टायर एका काठाने खातो, तेही बहुधा यामुळेच.

जुना बुश काढणे हेच खरे कष्टाचे. शहरात हायड्रॉलिक प्रेस असते. फाट्यावरच्या गॅरेजात लांब बोल्ट, जाड वॉशर आणि बुशाच्या कवचाहून किंचित मोठ्या भोकाचा पाइपचा तुकडा यांचे ओढून काढायचे साधन तयार करतात. नट फिरवला की कवच पाइपात ओढले जाते. काही जण गॅसच्या ज्वाळेने रबर जाळून काढतात. धूर घातक, भुजेचा रंगही जळतो. पण गंजलेल्या कमांडरपुढे इलाज नसतो, हेही मान्य केले पाहिजे. उरलेले कवच करवतीच्या पात्याने आतून चिरून छिन्नीने दुमडतात, मात्र चीर भुजेच्या धातूत उतरता कामा नये. नवा बुश बसवताना ग्रीस नव्हे, साबणाचे पाणी. दाब बाहेरच्या कवचावर द्यायचा. आतल्या नळीवर घण घातला तर बुश बसण्याआधीच फाटतो. काही बुशांच्या रबरात पोकळ्या असतात. त्यांची दिशा जुन्याप्रमाणे ठेवावी लागते, म्हणून काढण्यापूर्वी भुजेवर खडूने खूण करतात.

आता बोल्टाविषयी. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर त्या लोंबत्या स्थितीत रबर बिनपिळाचे राहते. गाडी जमिनीवर टेकताच ते पिळले जाते आणि उभ्या गाडीतही तसेच राहते. खड्ड्यात पीळ आणखी वाढतो. म्हणून बोल्ट आधी हाताने अडकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, हलवून बसू द्यायची आणि मग आवळायचे. खाली झोपायला जागा नसली, तर चाकांखाली फळ्या किंवा विटांचा भरभक्कम थर देतात. घाईच्या कामात ही पायरी हटकून गळते, आणि दोष दुकानदाराच्या ‘डुप्लिकेट मालावर’ जातो. पितळी बुश व ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेल्या जुन्या पाट्यांना हा नियम लागू नाही. तेथे भाग खरोखर सरकतात.

पॉलियुरेथेनचे बुश अधिक टिकतात, असे विकणारे सांगतात. ते तेलाला दाद देत नाहीत हे बरोबर. पण बहुतेकांत आतली नळी सरकते, त्यामुळे मातीचा कण शिरला की झीज सुरू होते आणि आवाजही येतो. धुळीच्या रस्त्यांसाठी मूळ रबरीच बरे, असे दिसते. जुन्या टायरातून कापलेले बुश हा तात्पुरता उपाय.

हे काम साधारणतः कापसाचे चुकारे हाती आल्यावर निघते. आर्म (भुजा) सुटल्याने चाकांचा कोन बदलतो, आणि तो जुळवण्याचे, म्हणजे अलाइनमेंटचे, यंत्र बहुधा मोठ्या गावी असते. तोवर मेस्त्री मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत सुतळी ताणतो, स्टिअरिंग सरळ धरायला कोणाला तरी बसवतो आणि पुढच्या टायरच्या दोन्ही कडांचे सुतळीपासूनचे अंतर मोजपट्टीने घेत टाय रॉड (स्टिअरिंगला चाक जोडणारा दांडा) फिरवतो.