नान्नजचा माळ संगणकात उतरवताना

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की नान्नजचा माळ येतो. १९७९ साली माळढोकासाठी जाहीर झालेलं अभयारण्य ते हेच. काळवीट इथं आजही उधळताना दिसतात. माळढोक मात्र जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

अशा पक्ष्याचं पुढं काय होईल याचा अंदाज बांधायचा एक मार्ग म्हणजे एजंट-आधारित मॉडेल. यात एकूण संख्येचं समीकरण मांडत नाहीत. संगणकात प्रत्येक पक्षी वेगळा असतो: त्याचं वय, नर की मादी, राहायची जागा. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि एकटीच उबवते. असे नियम दिले की संख्येचा चढउतार आपोआप उमटतो.

असं एक छोटं मॉडेल मी लिहिलं होतं. आलेख सुबक आला. मग सहज पक्ष्यांची यादी उलटी केली, तर निकालच बदलला! कोड यादीच्या क्रमानं चालत होता. पहिल्या मादीला दरवर्षी उत्तम गवताळ जागा, शेवटच्या मादीच्या वाट्याला शेताचा बांध. माळावर असा हजेरीपट नसतो. दरवर्षी यादी पत्त्यांसारखी पिसली, तेव्हा दोष गेला.

ही झाली पडताळणी, म्हणजे जे ठरवलं तेच कोडमध्ये उतरलं का हे पाहणं. जन्म आणि मृत्यू दोन्ही शून्य करा. शंभर वर्षांनीही पक्षी तितकेच राहायला हवेत. एकाच मादीचं आयुष्य वर्षावर्षानं छापून वाचा. मला ही कसोटी सर्वांत मोलाची वाटते, कारण मेलेली मादी दोन वर्षांनी अंडं घालताना इथंच सापडते.

प्रमाणीकरण, म्हणजे मॉडेल खऱ्या माळाशी जुळतं का हे पाहणं, याहून अवघड. कोड बिनचूक असला तरी मॉडेल माळाबद्दल चुकीचं सांगू शकतं. गणनेचा आकडा जुळला एवढ्यानं भागत नाही. समजा, पिल्लं खऱ्यापेक्षा जास्त मरतात असं धरलं आणि मोठे पक्षी कमी. दोन्ही चुका एकमेकींना झाकतात, बेरीज बरोबर येते. पण विजेच्या तारांना धडकून मोठे पक्षी मरतात, तो धोका मॉडेलमध्ये झाकला जातो. वर्षाला एकच अंडं देणाऱ्या पक्ष्यात वयात आलेली मादी जाणं हा फार जड घाव असतो.

म्हणून अशी मॉडेलं अभ्यासणारे जर्मन शास्त्रज्ञ फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आग्रह धरला, की एकाच वेळी अनेक खुणा जुळल्या पाहिजेत. संख्या तर हवीच; शिवाय नर-माद्यांचं प्रमाण, पावसाप्रमाणे हलणारा विणीचा हंगाम, पक्षी माळाच्या कुठल्या भागात वावरतात, हेही. काही वर्षांच्या नोंदी आधीच बाजूला काढून ठेवायच्या आणि मॉडेल बसवताना त्यांना हात लावायचा नाही. त्या नोंदींशी ते जुळलं, तरच त्यावर भरवसा टाकायचा.

थोडेच पक्षी उरले असतील तर नशिबाचा वाटाही मोठा. नियम तेच ठेवून मॉडेल पुन्हा चालवलं, तर कधी थवा सावरतो, कधी संपतो. म्हणून मी सरासरीची एकच रेघ दाखवत नाही. हजार वेळा चालवतो आणि त्यातल्या किती वेळा माळ रिकामा झाला, तो आकडा देतो.