गोव्याचे टपाल व तार करार (पोर्तुगीज–ब्रिटिश)

पोर्तुगीज राजवटीतील गोवा, दमण व दीव आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात पत्रे, पार्सले व तारा यांच्या देवाणघेवाणीसाठी एकोणिसाव्या शतकात ठरत गेलेली व्यवस्था. उत्तरेला सावंतवाडी संस्थान, पूर्वेला सह्याद्रीपलीकडे बेळगाव, दक्षिणेला कारवार अशी गोव्याची जमिनीवरची हद्द. ती ओलांडायची तर टपाल लगेच दुसऱ्याच्या राज्यात जाई. लिस्बनशी संबंध राखायलाही मुंबईचीच वाट धरावी लागे. गोव्यातील सरकारला शेजाऱ्याशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि या व्यवस्थेच्या प्रत्येक टप्प्यावर ते जाणवते.

ब्रिटिशांचे टपाल कार्यालय दमणमध्ये तिकिटे येण्याच्या आधीपासून होते व ते १८८३ पर्यंत चालले. गोव्यात त्यांनी वेगळे कार्यालय उघडले नाही, पण १८५४ पासून पोर्तुगीज टपाल कार्यालयांतच व्हिक्टोरिया राणीची ब्रिटिश हिंदी तिकिटे विक्रीला असत. गोव्याची स्वतःची तिकिटे आली ती १ ऑक्टोबर १८७१ रोजी. ती गोव्यातच छापलेली होती. छपाई ओबडधोबड, म्हणून संग्राहकांना आज ती विशेष प्रिय आहेत.

१८७१ ते १८७७ हा काळ या विषयाचा गाभा मानावा लागेल. पणजीहून पुण्याला किंवा मुंबईमार्गे पुढे कुठे पत्र धाडायचे, तर पाकिटावर दोन राज्यांची तिकिटे लावावी लागत: गोव्याच्या हद्दीतील वहनासाठी रेइस या पोर्तुगीज चलनातले, पलीकडच्या वहनासाठी आण्याचे. सार्वभौमत्वाची सीमा एवढ्या उघडपणे सामान्य माणसाच्या हातात क्वचितच आली असेल. अशी पाकिटे आज दुर्मिळ आहेत.

या दुहेरी आकारणीतून सुटका झाली ती आंतरराष्ट्रीय टपाल संघामुळे. १८७४ च्या बर्न करारावर पोर्तुगालची सही होती. ब्रिटिश हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी आणि पोर्तुगीज वसाहती १ जुलै १८७७ रोजी संघात आल्या. ज्या देशात पत्र टाकले त्याचेच तिकीट शेवटपर्यंत चालावे, हे संघाचे तत्त्व. १८७७ नंतर दोन्ही टपाल खाती एकमेकांची तिकिटे मान्य करू लागली.

पुढचा मोठा टप्पा २६ डिसेंबर १८७८ चा इंग्रज–पोर्तुगीज तह. गोव्यात तो आठवतो तो मिठासाठी: मिठागरांवर ब्रिटिशांचा ताबा आला आणि बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. मुरगाव बंदर व तेथून घाटावर जाणारी रेल्वेही त्याच तहाची. टपालाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे ठरले ते नाण्यांचे कलम. कलकत्त्याच्या टांकसाळीत पोर्तुगालच्या लुईश राजाच्या चेहऱ्याचा, पण ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा रुपया पडू लागला. १२ रेइसचा १ तांगा, १६ तांग्यांचा १ रुपया असा हिशेब बसला. तांगा म्हणजेच आणा. जुन्या तिकिटांवर घाईघाईने नव्या किमती छापाव्या लागल्या. १८८१–८३ मधील १½, ४½, ६ रेइस हे आकडे प्रथमदर्शनी विचित्र वाटतात, पण ६ रेइस म्हणजे बरोबर अर्धा आणा, आणि ब्रिटिश हद्दीत साध्या पत्राचा दर तोच होता. तह जानेवारी १८९२ मध्ये संपुष्टात आला. रुपयाची सांगड मात्र टिकली आणि तिकिटांवर एस्कुदो हे पोर्तुगालचे चलन यायला १ जानेवारी १९५९ उजाडावे लागले.

तारेच्या बाबतीत परावलंबन आणखी गडद होते. ब्रिटिश हिंदुस्थानात तार १८५५ मध्ये सर्वांना खुली झाली. १८७० मध्ये मुंबई–सुएझ सागरी केबल पडली. त्याच वर्षी इंग्लंड–जिब्राल्टर केबल लिस्बनजवळ कार्काव्हेलोस येथे किनाऱ्याला लागली. त्यामुळे पणजीच्या गव्हर्नरचा संदेश आपल्याच राजधानीला जाताना मुंबईची तारकचेरी आणि ब्रिटिश कंपन्यांच्या केबली यांतून जाई. सामान्य गोवेकराला राजकारणापेक्षा मुंबईची खबर मोलाची होती. नोकरीधंद्यासाठी घरोघरची माणसे तिकडे होती, आणि आजारपण किंवा मृत्यू कळवायला तारेशिवाय दुसरा वेगवान मार्ग नव्हता. तार आली म्हटले की घरात धस्स होई.

भारताच्या स्वातंत्र्यानंतर संबंध बिघडत गेले. गोवामुक्तीसाठीच्या १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने आर्थिक नाकेबंदी कडक केली आणि रेल्वे थांबली. मुंबईतल्या कमाईवर चालणाऱ्या कुटुंबांना त्याची झळ सर्वांत आधी लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २९ डिसेंबरपासून भारतीय तिकिटे वापरात आली. पोर्तुगीज तिकिटे ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालवून घेतली गेली.