फ्लीट सेफ्टी (ठाणे-नवी मुंबई)

कंपनीच्या कामासाठी रस्त्यावर असलेल्या गाड्या आणि त्या चालवणारी माणसं धड घरी पोचावीत म्हणून मालकाने जी सगळी व्यवस्था लावायची असते, तिला फ्लीट सेफ्टी म्हणतात. हा ट्रान्सपोर्टवाल्यांचा विषय आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण न्हावाशेव्याला जाणारा ट्रेलर जसा यात येतो तशीच ऐरोलीच्या आयटी पार्कची नाइट कॅब येते, आणि महापे-रबाळेत स्वतःच्या बाइकवर टूलबॅग अडकवून फिरणारा सर्व्हिसवालासुद्धा येतो. खरं तर सगळ्यात दुर्लक्षित हा बाइकवालाच, कारण गाडी त्याची, पेट्रोलचे पैसे कंपनी देते आणि हेल्मेट, इन्शुरन्स, टायर कोणी बघत नाही. कामावर असताना अपघात झाला तर कंपनीच्या मालकावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते (आधी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली), मग बाइक कोणाच्याही नावावर असो.

अपघात झाला की ड्रायव्हरकडे बोट दाखवायची पद्धत आहे, पण गडबड बहुतेक वेळा ट्रिप लावणाऱ्याच्या टेबलावर सुरू झालेली असते. भिवंडीच्या गोडाऊनमधून माल उचलून वाशी मार्केट, मग तळोजा, मग परत, हे मॅपवर दोन तासांचं दिसतं, प्रत्यक्षात मुंब्रा बायपास किंवा शिळफाट्याला ट्रॅफिक तुंबलं की जेवण हुकतं आणि तोच उशीर पुढे स्पीडने भरून काढला जातो. १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं सांगायचा, आणि असे नियम पाळायचे तर टाइमटेबलच तसं पाहिजे, नुसतं 'हळू चालव रे' सांगून काही होत नाही. रात्री २ ते ५ मध्ये झोप सगळ्यात जड असते, तेव्हा डबल ड्यूटीवाल्याला कॅब देणं म्हणजे सरळ धोका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर कामावर असलेल्या महिलांना वाहतुकीची सोय द्यायला सांगितलंय, पण सोय दिली म्हणजे ती आपोआप सुरक्षित झाली असं नाही.

कागदपत्रं म्हणजे लायसन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, इन्शुरन्स. लायसन्स संपलेल्याच्या हातात गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली गाडीच्या मालकावरच कारवाई होते, म्हणून तारखा एका शीटमध्ये ठेवून महिन्याला बघितलेल्या बऱ्या.

जीपीएस आता बऱ्याच गाड्यांमध्ये असतो, तो ओव्हरस्पीड, जोराचा ब्रेक वगैरे पकडतो. पण त्या रिपोर्टवरून पगार कापायला सुरुवात केली की डिव्हाइसच्या वायरी 'आपोआप' निघायला लागतात! त्यापेक्षा ड्रायव्हरला बसवून तो ब्रेक का मारला ते विचारावं, बऱ्याचदा त्यातून रस्त्यातला खड्डा किंवा चुकीचा टर्न कळतो आणि तो रूटच बदलता येतो.

पावसाळ्याआधी टायर, वायपर, ब्रेक आणि मागचे दिवे तपासायचे, कारच्या टायरची नक्षी १.६ मिमीवर आली की टायर बदलायचाच. घोडबंदरच्या गायमुख घाटात आणि उरण रोडला हे जास्त लागू, कारण तिकडे कडेला ट्रेलर उभे असतात, कित्येकांचे टेललाइट बंद, आणि मागून येणाऱ्याला अंधारात ते अगदी जवळ आल्यावरच दिसतात. म्हणून गाडी बंद पडली तर रिफ्लेक्टर त्रिकोण कुठे ठेवायचा आणि कोणाला फोन करायचा हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवावं लागतं, आणि तो फोन रात्री उचलणारा माणूस कंपनीत असावा लागतो.