इंधन बदलतं तेव्हा डेपोत काय बदलावं लागतं : कोकणापुरती पार्श्वभूमी

कोकणात इलेक्ट्रिक किंवा गॅसवरच्या गाड्यांचा विषय निघाला की बोलणं दोन प्रश्नांवर येऊन थांबतं. गाडी केवढ्याला आणि एकदा भरली की किती किलोमीटर जाते? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. परशुराम घाटात ती बंद पडली, तर ती उघडणारा माणूस कुठून आणायचा? ज्याच्या दारात दहा-वीस गाड्या उभ्या असतात, त्याच्यासाठी खरा प्रश्न हाच आहे. अशा मदतीला सरकारी कागदांत ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणतात. ते कुठून आलं आणि आपल्याकडे का तोकडं पडलं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

पर्यायी इंधन आपल्याला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथलं तेलही थांबलं. देशभर मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. गाडीच्या मागे लोखंडी भट्टी असे. तिच्यात लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा आणि निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा. पेट्रोलच्या मानाने ताकद बरीच कमी मिळे. आमच्याकडची जुनी माणसं सांगायची, की चढण आली की उतारूंनी खाली उतरायचं आणि गाडीमागून चालायचं. भट्टी पेटवणं, राख उपसणं, गाळण्या साफ करणं ही सगळी कामं क्लीनरकडे. त्या वायूतला मुख्य जळणारा घटक कार्बन मोनॉक्साइड, जीव घेणारा. तरी त्या पोराला शिकवायला कुणी नव्हतं, पाहून पाहून तो शिकला. नव्या इंधनाचा भार सगळ्यात खालच्या माणसाच्या खांद्यावर येतो, हे तेव्हापासूनचं आहे.

एसटी मात्र वेगळ्या पद्धतीने उभी राहिली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली आणि पुढच्या वर्षांत गाड्यांच्या जोडीने कार्यशाळाही वाढल्या. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा, त्याखाली विभागीय कार्यशाळा आणि मग तालुक्याचं आगार. पुण्यात १९६६ मध्ये एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आणि १९६७ मध्ये सीआयआरटी ही रस्ता वाहतुकीची संस्था स्थापन झाली. राज्य परिवहन महामंडळांच्या माणसांना प्रशिक्षण देणं हे सीआयआरटीचं एक मुख्य काम. ‘तांत्रिक साहाय्य’ हा शब्द रुळण्याआधीच ही साखळी आपल्याकडे होती, आणि ती उत्तम होती असं माझं मत आहे. कोकणातल्या आगारात नुसत्या आवाजावरून नोझलची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीची, तक्रार ओळखणारे फिटर तयार झाले ते याच साखळीतून. फक्त ती सगळी विद्या डिझेलची होती.

हे साहाय्य स्वतंत्र सेवा म्हणून उभं राहिलं ते अमेरिकेत. तिथे १९८८ मध्ये पर्यायी इंधनांचा कायदा झाला. १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्याने सरकारी ताफ्यांवर ठरावीक प्रमाणात अशी वाहनं घेण्याची सक्ती आणली. सक्ती झाली की गाड्या येतात, पण त्या वापरात राहतातच असं नाही. म्हणून १९९३ मध्ये ऊर्जा खात्याने ‘क्लीन सिटीज’ कार्यक्रम सुरू केला. त्यातलं पहिलं शहर अटलांटा. पुढे ‘टायगर टीम’ नावाची तज्ज्ञांची पथकं आली. एखाद्या ताफ्याची अडचण स्थानिक पातळीवर सुटेना, की हे पथक थेट त्यांच्या गॅरेजात जायचं.

गॅरेजात जाण्याला महत्त्व का, ते एका साध्या गोष्टीवरून कळतं. सीएनजी हवेपेक्षा हलका. गळती झाली तर तो छताखाली साठतो, म्हणून छताला वायुवीजन हवं आणि तिथले दिवे ठिणगी न पाडणारे हवेत. एलपीजी हवेपेक्षा जड. तो खाली उतरतो आणि गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात साचतो. डिझेलसाठी बांधलेल्या शेडमध्ये यातलं काहीच विचारात घेतलेलं नसतं. हे शेडमध्ये उभं राहून, वर-खाली बघून सांगावं लागतं. माहितीपत्रक वाटून ते होत नाही.

आपल्याकडे गॅस मोठ्या प्रमाणावर आला तो न्यायालयाच्या आदेशाने. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतल्या सगळ्या बस सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला आणि मार्च २००१ अखेरची मुदत घातली. पंप कमी, रांगा लांब, आणि सुरुवातीला काही बसना आगी लागल्या. तपासण्या, नियम आणि प्रशिक्षण त्यानंतर घट्ट झालं. मुंबईत टॅक्सी-रिक्षा गॅसवर गेल्या आणि तिथून तो पेण-अलिबागच्या बाजूला सरकला. मिनीडोर ही तीनचाकी टॅक्सी चालवणाऱ्यांना आणि रिक्षावाल्यांना त्याने खरोखर हात दिला. पण या गाड्यांना मागे कार्यशाळांची साखळी नाही. गाडीला बसवलेल्या गॅस किटला मान्यता आहे का, टाकीची दर तीन वर्षांची दाबचाचणी कुठे करून घ्यायची, हे मालकाने स्वतःच शोधायचं. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. चाचणी चुकवणं म्हणजे काय, हे ज्याला कुणी नीट समजावलेलंच नाही, त्याला दोष देणं मला पटत नाही.

दक्षिणेकडे गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी आहे. गॅस कोकणच्याच किनाऱ्यावर उतरतो. दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ मध्ये नाफ्थावर सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला. शेजारचं एलएनजी टर्मिनल २०१३ मध्ये कार्यान्वित झालं. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केलेला द्रवरूप वायू जहाजातून येतो, तिथे त्याचा पुन्हा गॅस होतो आणि नळाने पनवेलकडे आणि घाट चढून बेंगळुरूकडे जातो. लाटा अडवणारा बंधारा अपुरा राहिल्याने वर्षानुवर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागतच नव्हतं. आणि ज्या जिल्ह्यात तो उतरतो, तिथल्या अनेक पंपांवर गॅस मिळत राहिला तो ट्रकवर लादून आणलेल्या सिलिंडरांतून. ट्रकला उशीर झाला की रांग महामार्गावर येते. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या उतरतात तेव्हा ती रांग किती लांब जाते, हे त्या दिवसांत प्रवास केलेल्या कुणालाही माहीत आहे. एसटीने ५,००० डिझेल गाड्या एलएनजीवर बदलण्याचं ठरवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दाभोळ आलं. पण एलएनजीची टाकी म्हणजे दुहेरी भिंतीचा मोठा थर्मासच. तिच्या व्हॉल्व्हला हात लावायचा, तर हातमोजे आणि शिक्षण दोन्ही हवं.

कोकण रेल्वेचं उदाहरण इथे आवर्जून द्यायला हवं. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड–वेर्णा मार्गावर भरलेले ट्रक वाघिणीवर चढवून नेण्याची रो-रो सेवा सुरू झाली. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं. म्हणजे ट्रक स्वतःचं डिझेल न जाळता, विजेच्या इंजिनामागे अख्खं कोकण ओलांडू लागला. ट्रकमालकाला त्यासाठी नवं काही शिकावं लागलं नाही. शिकण्याचं ओझं संस्थेने उचललं.

मग वीज रस्त्यावर आली. इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेचा पहिला टप्पा २०१५ चा, दुसरा २०१९ चा. राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०१८ मध्ये आलं आणि २०२१ मध्ये बदललं. १ जून २०२२ रोजी एसटीची इलेक्ट्रिक बस ‘शिवाई’ त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. पुढे ५,१५० ई-बस भाड्याने घेण्याचा करार झाला. भाड्याच्या पद्धतीत गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, दुरुस्तीही त्याची. महामंडळाच्या डोक्यावरचा बोजा कमी होतो, हे खरं. पण आगारातल्या फिटरच्या हातात काहीच येत नाही. डिझेलची विद्या ज्या साखळीतून झिरपत तालुक्यापर्यंत आली, ती साखळी इथे तुटते. या पार्श्वभूमीतली हीच गोष्ट मला सगळ्यात काळजीची वाटते.

कोकणात आधी हिशोब मांडून द्यायला कुणीतरी हवं, कारण इथला हिशोब पुण्याला बसून जमत नाही. मोठी ई-बस सपाटीला किलोमीटरमागे साधारण एक-सव्वा युनिट वीज घेते. आंबा किंवा करूळ घाट चढताना हा आकडा कुठच्या कुठे जातो. उतरताना मात्र मोटर उलट काम करून थोडी वीज परत भरते आणि ब्रेकची झीजही वाचते. पण वरून निघतानाच बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर परत आलेली वीज घ्यायला जागा उरत नाही. कोणत्या टोकाला किती भरायची, हे मार्ग बघूनच ठरतं. दहा गाड्या एकदम चार्ज करायच्या तर मेगावॉटच्या घरात मागणी जाते. त्यासाठी उच्चदाबाची स्वतंत्र जोडणी आणि रोहित्र लागतं, आणि ते गाड्या यायच्या आधी उभं राहायला हवं. खारा वारा जोडण्यांच्या तांब्याला लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यावर आलं, तेव्हा अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती.

एसटीला निदान विचारायला जागा आहे. देवगडहून वाशीला हापूस नेणारा दोन टेम्पोंचा मालक, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फात मासळी भरून निघणारा ट्रकवाला, शाळेच्या तीन गाड्या चालवणारी बाई यांना ती जागा नाही. त्यांना विक्रेता जे सांगेल तेच तांत्रिक साहाय्य.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणचं आगार पाण्याखाली गेलं. आगार व्यवस्थापक आणि सहकारी रोकड वाचवत कित्येक तास बसच्या टपावर बसून होते. त्याआधी २००५ मध्येही शहर असंच बुडालं होतं. त्या आवारात उद्या चार्जर लागतील तेव्हा त्यांचा चौथरा किती उंच हवा, याचं उत्तर कुठल्याच नमुना आराखड्यात नसणार. टपावर बसून ज्यांनी पाणी चढताना पाहिलं, त्यांना ते विचारता येईल.