कोरगुट खारट नसतो!

परवा घरी उकड्या तांदळाची पेज होती, कोरगुटाची, म्हणजे गोव्यातल्या खाऱ्या शेतांतल्या भाताची. पाहुण्यांनी पहिल्या घोटालाच विचारलं, "खाऱ्या शेतातला तांदूळ म्हणजे याला मीठ कमी लागत असेल ना?" लोणच्याची फोड तोंडात असल्याने उत्तर राहिलं. ते इथे देतो.

मांडवी-जुवारीच्या काठची, बांध आणि मानशींनी (बांधातल्या पाण्याच्या दारांनी) भरतीपासून राखलेली सखल शेतं म्हणजे आपली खाजनं. पावसाने खार धुतला गेला तरी पुरता जात नाही, आणि बांध फुटला तर विचारूच नका. तिथे कोरगुट तग धरतो. जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' ही वाणं कोरगुटातूनच निवडून काढली. पण तग धरणं म्हणजे मीठ आवडणं नव्हे.

भात खार कसा सोसतो याचीच मोजणी चाललेल्या एका प्रयोगशाळेत मी गेलो होतो. थर्माकोलच्या भोकांतून भाताची रोपं खालच्या पाण्यात मुळं सोडून उभी. पाण्यात खतं आणि लिटरमागे सुमारे ७ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या पाचव्या हिश्शाइतका खारटपणा. ट्रेमधलं पाणी रोज उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून कुणीतरी रोज येऊन खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि आम्लता तपासायची. चतुर्थीलासुद्धा! भिंतीवर पाळ्यांचा कागद होता. गणपती दीड दिवसाचा असलेल्यांवर तिसऱ्या दिवसापासूनच्या पाळ्या टाकलेल्या.

मी एक बाटली उचलायला गेलो, तर बाटल्या धुणाऱ्या बाई ओरडल्या, "हात लायनाकात सर!"

त्यांचं बरोबर होतं. पेज उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते ना? तो मिठातला सोडियम. उष्णतेने त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो आणि खाली येताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश सोडतो. फ्लेम फोटोमीटर हेच करतो. वाळवलेल्या पानाची पूड आम्लात विरघळवायची, तिचा फवारा ज्योतीत सोडायचा आणि पिवळेपणा मोजायचा. पोटॅशियमचा प्रकाश ७६६ नॅनोमीटरवर, गडद लाल. तो वेगळ्या गाळणीतून मोजतात. आता आमच्या घामात सोडियम, नळाच्या पाण्यात सोडियम, साध्या काचेतही सोडियमच. म्हणून बाटल्या प्लॅस्टिकच्या, आणि प्रत्येक बाटली ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हापुन्हा खंगाळलेली. त्यात कुचराई झाली तर कोरगुटाच्या पानापेक्षा बाटलीच खारट निघेल.

एवढा खटाटोप का? पेशीतल्या कित्येक विकरांना (एन्झाइमांना) पोटॅशियम लागतो. सोडियम त्याच्याच घराण्यातला. तो गर्दी करतो, पोटॅशियमची जागा अडवतो, पण काम करत नाही. त्यामुळे पानात सोडियम किती यापेक्षा पोटॅशियमच्या तुलनेत किती, हे महत्त्वाचं. मुळांतून पाण्याबरोबर थोडा सोडियम आत शिरतोच. तो वर चढत असताना जलवाहिनीला लागून असलेल्या पेशी त्याला रसातून परत ओढून घेतात. हे काम करणाऱ्या प्रथिनाचं जनुक २००५ मध्ये बंगालच्या 'नोना बोक्रा' या भातात सापडलं. खार न सोसणाऱ्या जपानी 'कोशिहिकारी' भातातही ते प्रथिन आहे. साडेपाचशेच्या आसपास अमिनो आम्लांच्या साखळीत फरक फक्त चारांचा! मानशीची उपमा इथे मोहक आहे, पण अर्धीच. मानस पाणी बाहेरच अडवते. हे प्रथिन आत आलेल्याला वाटेतून मागे खेचतं. त्यातूनही निसटलेला सोडियम रोप जुन्या पानांत साठू देतं आणि कोवळी पानं वाचवतं.

थोडक्यात, सोसणारा भात मिठाला कोवळ्या पानांपर्यंत फारसं पोचू देत नाही. 'मिठावर वाढणारा भात' असे मथळे देणाऱ्यांनी एकदा कोरगुटाला गोड्या पाण्यात लावून बघावं. तो मजेत वाढतो. आणि एका जनुकाने खाजनं वाचतील असं सांगणाऱ्यांनी आधी फुटलेला बांध बघून यावा.

त्या दिवशी पानांच्या आधी नुसतं धुण्याचं पाणी ज्योतीत सोडलं. आकडा शून्याच्या वर गेला असता तर सगळ्या बाटल्या पुन्हा धुवाव्या लागल्या असत्या. संशोधक मुलगी पडद्याकडे बघत होती, बाई दारातून. शून्यच आलं. बाईंनी हातमोजे काढले आणि कॅन्टीनकडे निघाल्या.